पेठेचे पाणी आणि नदी

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे राजे, लढाया, देवळे, चर्च आणि शाळा यांची नोंद करावयाची, असा आपल्याकडे रिवाज आहे. गावात पडलेल्या पावसाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूर या लहान शहराच्या निमित्ताने आम्ही तोच प्रश्न येथे विचारीत आहोत.

जयसिंगपूर हे आपोआप वाढलेले नव्हे, तर वसविलेले गाव. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत दुसरी पेठ उभी केली आणि तिला आपले जन्मदाते, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचे नाव दिले. येथील रस्ते सरळ व एकमेकांस काटकोनात छेदणारे. गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या. ज्या पिढीने प्लेगचा कहर पाहिला होता, तिला रुंद रस्त्याचे आणि मोकळ्या हवेचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते.

सरळ रस्त्याकडेला सरळ गटार काढता येते, हे खरे. पण गटाराला उतारही लागतो. शिरोळ तालुक्याची भूमी सपाट आणि काळीभोर. ही माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि मग वरचे पाणी आत न मुरता पसरत राहते. शेतातही हीच अडचण आहे. उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने या तालुक्यातील पुष्कळ जमीन क्षारपड झाली. ती पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ घातले आणि साचलेले पाणी बाहेर काढले. शाहूंनी राधानगरीच्या धरणाचे काम आरंभिले. ते त्यांच्या निधनानंतर, स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झाले. पाणी आणण्याची ही विद्या आपण शिकलो. आलेले पाणी वाटेला लावणे ही त्याच विद्येची दुसरी बाजू, आणि ती मात्र अजून अर्धीच शिकलो आहोत.

शिरोळ तालुका हा कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या चार नद्यांचा. जयसिंगपूरला लागूनच उदगाव, आणि तेथे कृष्णा. थोडे खाली नृसिंहवाडीस तिला पंचगंगा मिळते. नद्या फुगल्या की ओढ्यानाल्यांची तोंडे तुंबतात आणि गावाचे पाणी गावातच थांबते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे दाखवून दिले. २०१९ मध्ये कोल्हापुरानजीक राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूररेषेतील अतिक्रमणांकडेही बोट दाखविले. म्हणजे दोष केवळ आभाळाचा नव्हता.

पाणी किती येते, इतकाच हा प्रश्न नाही. ते कसे जाते, हाही आहे. आपल्या बहुतेक लहान शहरांत पावसाचे पाणी आणि घराघरांतील सांडपाणी एकाच उघड्या गटारातून वाहते. मृगाची पहिली सर रस्त्यावरचे तेल, धूळ, शेण आणि कचरा धुऊन नेते, म्हणून पहिलेच पाणी सर्वांत मलीन असते. महाराष्ट्राने १९६९ साली, आणि केंद्राने १९७४ साली जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला. तरीही २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो.

वसईच्या वाचकांना हे दूरचे वाटणार नाही. तेथील बावखले पावसाचे पाणी साठवीत, ते जमिनीत मुरवीत आणि विहिरींचे पाणी गोडे राखीत. त्यांतली अनेक बुजविली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, त्यामागे हीच चिंता होती. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ नव्या पिढीलाही कळला.

उपाय नवे नाहीत. ज्येष्ठ संपण्यापूर्वी गटारांतील गाळ उपसावा. मैलापाणी भुयारी नळांतून वेगळे न्यावे आणि शुद्ध करूनच सोडावे. ओढ्यांच्या पात्रात बांधकाम होऊ देऊ नये. मैदाने आणि तळी पाणी थोपविण्यासाठी राखावीत. यासाठी नगरपालिकेस पैसा लागेल, आणि नागरिकांस थोडी शिस्त. आपल्या दारातला कचरा गटारात लोटणारा हात नगरपालिकेचा नसतो.

शाहूंच्या पेठेतून निघालेले पाणी शेवटी कृष्णेला मिळते. ती नदी पुढे कुरुंदवाडच्या वाटेने कर्नाटकात जाते, आणि तिच्या काठी कोणाची तरी घागर भरत असते. त्या घागरीत काय भरावे, याचा निर्णय वरच्या गावात राहणारे आपण रोज घेत असतो. गावाच्या इतिहासात त्या निर्णयाचीही नोंद व्हावी, असे आम्हांस वाटते.