बापू गोखले : अष्टी ते पांढरकवडा

पेशवाईचा शेवट कोठे झाला, असा प्रश्न विचारला तर कोणी शनिवारवाड्यावर फडकलेल्या इंग्रजी निशाणाकडे बोट दाखवील, कोणी अष्टीच्या रणांगणाकडे. राजसत्तेचा शेवट पुण्यात झाला आणि सेनापतीचा अष्टीला, हे खरेच आहे. परंतु पेशव्यांची फौज म्हणून जी काही उरली होती ती मोडली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ शिवणी येथे, १७ एप्रिल १८१८ रोजी. अष्टी आणि शिवणी या दोन प्रसंगांमध्ये अवघे आठ आठवडे गेले. त्या आठ आठवड्यांचा अर्थ समजावयाचा असेल, तर शिवणीला जो हजर नव्हता त्या पुरुषाचे चरित्र पाहिले पाहिजे. तो पुरुष म्हणजे सेनापती बापू गोखले.

बापूंचे मूळ नाव नरहर गणेश. कोकणातून घाटावर येऊन तलवारीच्या बळावर सरदारकी मिळविलेल्या चित्पावन घराण्यांपैकी गोखल्यांचे हे एक घराणे. त्यांचे चुलते धोंडोपंत गोखले कर्नाटकात पेशव्यांच्या फौजेचे अधिकारी होते आणि त्यांच्याच हाताखाली बापू शिपाईगिरी शिकले. ३० जून १८०० रोजी कित्तूरच्या बाजूस धोंडजी वाघाने या फौजेवर अवचित घाला घातला. त्यात धोंडोपंत पडले, बापूंचे वडील बंधू आप्पाही पडले. घराण्याचे पथक आणि त्याची जोखीम अशी एका दिवसात तरुण बापूंच्या अंगावर आली.

पुढे जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. धोंडजीचा पाठलाग बापूंनी केला तो कर्नल वेलस्लीच्या जोडीने. १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगल येथे वेलस्लीने आपले चार रिसाले एका रांगेत उभे करून स्वतः हल्ला चढविला आणि धोंडजीला संपविले. १८०३ साली दुसऱ्या बाजीरावास पुन्हा गादीवर बसविण्यासाठी वेलस्ली पुण्यास आला, तेव्हाही गोखल्यांचे घोडदळ त्याच्याबरोबर होते. त्याच वर्षी शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या मोहिमेतही ते इंग्रजांच्याच बाजूस राहिले. ज्या माणसाचे नाव आपण इंग्रजांविरुद्ध शेवटपर्यंत लढलेला वीर म्हणून घेतो, त्याची उमेदीची वर्षे इंग्रजांच्या सोबतीत गेली, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. धनी सांगेल त्या बाजूस लढणे हा त्या काळच्या सरदाराचा धर्म होता. १८०६-०७ मध्ये पंतप्रतिनिधींचे बंड मोडले तेही बापूंनीच, आणि वासोट्याचा किल्ला महिनोन् महिने झुंजविणाऱ्या ताई तेलिणीस अखेर नमविले तेही त्यांनीच. एकंदरीत मराठ्यांची तलवार या वर्षांत मराठ्यांवरच अधिक चालली.

तथापि या सोबतीतून बापूंना इंग्रजी लष्कराची माहिती झाली असली पाहिजे. त्या लष्कराची कवायत, तोफखाना, दाणागोट्याची तजवीज हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून १८१७ साली बाजीरावाने लढाईचा निश्चय केला तेव्हा सैन्याची उभारणी त्यांच्याच हाती आली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस त्यांनी सुमारे सहा हजार घोडा शत्रूवर घातला. वाटेतल्या नाल्याच्या दलदलीत घोडी रुतली, रांग विस्कटली, मोरोपंत दीक्षित तोफेचा गोळा लागून पडले. शौर्यात उणीव नव्हती; जमिनीची पाहणी मात्र कमी पडली होती.

त्यानंतर माघार सुरू झाली. १८१८ च्या फेब्रुवारीत बाजीराव पंढरपुराच्या परिसरात, हल्लीच्या मोहोळ तालुक्यातील अष्टी येथे मुक्कामास असताना जनरल स्मिथचे घोडदळ त्याच्यावर येऊन थडकले. २० फेब्रुवारीचा तो दिवस. पेशवा पालखी सोडून घोड्यावर बसला आणि निघून गेला. धन्याला वाट मिळावी एवढ्यासाठी बापू थोडक्या स्वारांनिशी मागे फिरले व इंग्रजी रिसाल्यांच्या बगलेवर तुटून पडले. खुद्द स्मिथच्या डोक्यास तलवार लागली. बापू मात्र अंगावर वार झेलीत तेथेच पडले. गोविंदराव घोरपडे व आनंदराव बाबर हेही त्याच ठिकाणी कामास आले. सातारचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अष्टीहून बाजीराव कोपरगावाकडे गेला. खानदेशात सर टॉमस हिस्लॉप उतरला होता, म्हणून तो मार्ग बंद झाला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांकडून आशा होती, तेव्हा फौज पूर्वेस वळून चांद्याच्या रोखाने निघाली. पण इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सने मार्चच्या मध्यासच आप्पासाहेबांस कैद केले होते. पेशवा वऱ्हाड ओलांडून वणी-पांढरकवड्याच्या मुलखात आला, तो नकाशा आपल्या परिचयाचा आहे : पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, मध्ये सागवानी जंगल आणि टेकड्या. वर्धेच्या उतारावर कर्नल स्कॉट आडवा होता, हिंगणघाटाकडे कर्नल ॲडम्स होता, पश्चिमेकडून जालन्याचा जनरल डव्हटन येत होता. डव्हटनला चुकविण्यासाठी निघालेला बाजीराव शिवणीपाशी नेमका ॲडम्सच्या तोंडी सापडला.

ॲडम्सपाशी त्या क्षणी काय होते? एक हिंदी रिसाला आणि घोडतोफखाना, एवढेच. त्याचे पायदळ मागे राहिले होते. समोर हजारो स्वार होते. पण उलटून उभा राहणारा कोणी निघाला नाही. पाच तोफा, तीन हत्ती, दोनशे उंट आणि खजिन्याचा भाग शत्रूच्या हाती पडला. बाजीराव घोड्यावर बसून निसटला. डव्हटनने एप्रिलच्या उन्हात उमरखेडपर्यंत त्याचा पाठलाग केला. या धावपळीत बहुतेक फौज पांगून घरोघर गेली. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षास आठ लाखांचे वेतन घेऊन ब्रह्मावर्तास गेला.

अष्टी व शिवणी येथील प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की, त्यांतील साम्य आणि भेद दोन्ही डोळ्यांत भरतात. दोन्हीकडे शत्रूने अवचित गाठले, दोन्हीकडे पेशवा निसटला. भेद एवढाच की अष्टीस एक माणूस मागे फिरला. हा भेद बापूंना भूषणावह आहे, पण राज्याला मात्र तो लाजिरवाणा आहे. ज्या सैन्यात पिछाडी सांभाळण्याचे काम एका माणसाच्या इमानावर अवलंबून असते, ते सैन्य त्या माणसाबरोबरच संपते. त्याची जागा घेणारा दुसरा निघत नाही, कारण जागा अशी निर्माणच केलेली नसते. स्मिथला तलवार अधिक खोल लागली असती तरी त्याच्या जागी दुसरा अधिकारी उभा राहिला असता. बापूंच्या जागी कोण उभा राहणार होता?

दुसरी गोष्ट चपळाईची. अवचित येणे, हलके राहणे, शत्रूस उसंत न देणे हे शिवछत्रपतींच्या काळापासूनचे मराठ्यांचे हुकमी शस्त्र. ते शस्त्र १८१८ साली इंग्रजांच्या हाती होते; घोड्यांनी ओढलेल्या तोफा रिसाल्याच्या बरोबरीने धावत होत्या आणि मराठी फौज बुणग्यांच्या ओझ्याखाली वाकली होती. आपली विद्या आपण विसरलो आणि दुसऱ्याने ती शिस्तीची जोड देऊन उचलली.

पांढरकवडा हे आज केळापूर तालुक्याचे ठाणे आहे. त्या परिसरातील शिवणीचे नाव पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही, आणि पराभवाची स्थळे विसरावीशी वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु बापू गोखल्यांचे मोल अष्टीच्या रणांगणावर अर्धेच कळते. उरलेले अर्धे, ते नसताना काय झाले हे पाहिल्यावर, आपल्याच जिल्ह्याच्या मातीत कळते. वीराचे स्मरण अवश्य करावे. पण एका वीरावर सारा भार पडणार नाही अशी व्यवस्था उभारणे, हेच त्या स्मरणाचे खरे फळ होय.