पाठीराखा आणि प्रेक्षक

मराठीत 'तालीम' हा शब्द प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतो, कुस्तीच्या आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. त्याची छाया या दोन्ही अर्थांवर आहे. कोल्हापुरात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला. तेथे 'तालीम जिंकली' असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला कुस्तीइतकीच, किंबहुना आधी, फुटबॉलच्या सामन्याची आठवण होते. एका परदेशी खेळाने एका जुन्या देशी संस्थेचे नाव आणि तिचे घर कसे मिळवले, हा आपल्या सामाजिक इतिहासातील फारसा अभ्यासला न गेलेला भाग आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. खासबाग मैदान ही त्याची दगडी साक्ष. पेठापेठांतील तालमी त्या काळी जोमात आल्या. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत मैदानी खेळांनाही दरबाराचे पाठबळ मिळाले आणि 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. फुटबॉल येथे रुजला तो महाविद्यालयाच्या किंवा कारखान्याच्या आधाराने नव्हे, पेठेच्या आधाराने. लाल मातीत घुमणारी पोरेच चेंडूमागे धावू लागली. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लबही आहेत.

या संघांच्या मागे उभा राहणारा समाज सामन्यापुरता जमत नाही. तालीम वर्षभर जागी असते. तिथेच गणपती बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, तिथेच वर्गणी गोळा होते आणि तिथेच भांडणे मिटवली जातात. त्यामुळे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस तिकीट काढून आलेला असला, तरी ग्राहक नसतो. मैदानावरील मुलगा त्याच्या गल्लीतला, त्याच्या भावाबरोबर शाळेत गेलेला असतो. मराठीत समर्थकाला 'पाठीराखा' असा सुंदर शब्द आहे. लोकपरंपरेत तो बहिणीने भावासाठी वापरलेला शब्द. त्यात आवडीपेक्षा नात्याची जबाबदारी अधिक आहे. 'चाहता' आपली आवड बदलू शकतो, पाठीराख्याला ती मोकळीक नसते.

मुंबईचा इतिहास याच्या शेजारी ठेवून पाहावा. रोव्हर्स चषकाची परंपरा तेथे 1891पासूनची, तरीही शहरातील मोठे संघ बहुधा कंपन्यांचे, गिरण्यांचे आणि सरकारी आस्थापनांचे होते. खेळाडूला नोकरी मिळाली, खेळाचा दर्जाही वाढला. परंतु अशा संघाचे आयुष्य एका ठरावावर अवलंबून असते. 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010मध्ये विसर्जित झाला. रोव्हर्स चषकही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. हळहळ पुष्कळांना वाटली, पण संघ चालू ठेवण्याचा अधिकार हळहळणाऱ्यांच्या हाती नव्हता. तालीम मात्र कोणत्याही संचालक मंडळाच्या ठरावाने विसर्जित होत नाही, कारण ती पेठेची असते.

हा भेद पनवेलमध्ये राहणाऱ्यास विशेष जाणवावा. 1852पासून नगरपालिका असलेले आणि 2016मध्ये महानगरपालिका झालेले हे जुने गाव. हार्बर मार्गावर येथून सहावे स्थानक नेरुळ. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि 2022मध्ये त्याच वयोगटातील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही झाली. जागतिक फुटबॉल इतक्या जवळ येऊनही ज्याच्यासाठी पनवेलची बाजारपेठ लवकर बंद व्हावी असा संघ येथे उभा राहिला नाही. याचा दोष पनवेलकरांच्या उदासीनतेला देणे सोपे, पण चुकीचे ठरेल. याच परिसरातील आगरी-कोळी गावांत कबड्डीचे संघ आणि टेनिस चेंडूवरील क्रिकेटचे संघ गावाचे नाव छातीवर मिरवतात आणि त्यांच्यामागे अख्खे गाव उभे राहते. पाठीराखा येथेही आहे. फुटबॉल मात्र त्याच्यापर्यंत प्रामुख्याने स्टेडियमच्या वाटेने, तयार सोहळा म्हणून आला. गावाच्या वाटेने आला नाही. सिडकोच्या वसाहतींत राहायला आलेल्या माणसाचे मन तर पुष्कळदा मूळ गावच्या मैदानावरच राहिलेले असते. वसाहतीला पेठ व्हायला दोन-तीन पिढ्या लागतात.

अर्थात कोल्हापूरचे चित्र केवळ गोड नाही. नात्याच्या पोटी जसा लोभ तसे वैरही येते. मैदानावरील बाचाबाची पेठेत पोहोचणे, दगडफेक, पोलिसांचा बंदोबस्त, मध्येच थांबलेले सामने हेही या इतिहासाचे भाग आहेत. शिवाय पेठेची चुरस खेळाडूला पेठेतच अडकवू शकते. 2017च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन. एका शहराचे एवढे प्रेम आणि राष्ट्रीय संघात पोहोचलेले मोजके खेळाडू, या विषमतेचा विचार तालमींनी करायला हवा. प्रतिस्पर्धी पेठेला हरवण्यात ज्यांची सारी शक्ती खर्च होते, त्यांना पेठेपलीकडचे मैदान दिसेनासे होते.

तरीही निवड करायची वेळ आली, तर माझे मत तालमीच्या बाजूने पडेल. तिची हुल्लड शिस्तीने आवरता येते आणि तिचा संकुचितपणा प्रशिक्षणाने घालवता येतो. उलट, सोहळ्यासाठी जमलेल्या गर्दीत नाते निर्माण करण्याचा उपाय कोणत्याही व्यवस्थापनाला सापडलेला दिसत नाही. सामना संपल्यावर प्रेक्षक घरी जातो. पाठीराख्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत हरलेल्या मुलाला सामोरे जावे लागते आणि त्याच्याशी काय बोलावे, हेही ठरवावे लागते.