गिरवणे, पुसणे, पुन्हा गिरवणे

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघाले, की गोव्याची हद्द येण्याआधी खानापूर तालुक्यातले कणकुंबी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर वसलेल्या या गावी मलप्रभेचा उगम आहे. मराठी बोलणाऱ्या गावात जन्मलेली ही नदी पूर्वेकडे वाहत जाते आणि बसवेश्वरांच्या स्मृतीने पावन झालेल्या कुडलसंगमाला, कन्नड मुलखात, कृष्णेला मिळते. गावातून घाट उतरला की कोकणी कानावर पडू लागते. घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड, घाटाखाली कोकणी आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी, अशा चार भाषांच्या शेजारात इथले मूल वाढते. आता घरोघरी मोबाइल आले आहेत आणि अक्षरे जुळवणारे, शब्द ओळखायला लावणारे, वाचून घेणारे खेळ त्यांच्यावर मिळू लागले आहेत. ही साधने कालपरवाची वाटतात. त्यांची वंशावळ मात्र शतकांची आहे आणि तिच्यातले काही महत्त्वाचे पूर्वज याच टापूच्या आसपास होऊन गेले. तो मागोवा घेत आपण थोडे मागे जाऊ.

पहिला थांबा घाटाखालचा. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, भारतातला पहिला. १५७९ मध्ये तिथे उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने इथल्या भाषा मोठेपणी आत्मसात केल्या, त्या अशा की १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून निघाले. नागरी खिळे नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. १६१९ मध्ये स्टीफन्स वारला. त्यानंतर १६२२ मध्ये त्याची प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तिका आणि १६४० मध्ये कोकणीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. एकाने विचारायचे, दुसऱ्याने ठरलेले उत्तर द्यायचे आणि ते तोंडात बसेपर्यंत म्हणत राहायचे, हा त्या पुस्तिकेचा ढंग. प्रश्न टाकून नेमके उत्तर मागणारे आजचे भाषेचे खेळ याच कुळातले आहेत.

घाटमाथ्यावर आणि देशावर त्या काळी पंतोजींच्या शाळा भरत. कधी देवळाच्या ओवरीत, कधी कुणाच्या पडवीत. तिथले मुख्य साधन म्हणजे धूळपाटी. एक लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली बारीक धूळ किंवा विटेची भुकटी आणि एक टोकदार काडी, एवढाच सरंजाम. पंतोजी अक्षर काढून देत. मूल त्याच रेघांवरून काडी फिरवी, अक्षराचा उच्चार मोठ्याने करी, फळी हलवून सारे पुसून टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. कागद महाग होता, शाईही जपून वापरावी लागे. धूळ मात्र हवी तेवढी होती, त्यामुळे चूक फुकट होती. शंभरदा चुकले तरी कुणाचे काही खर्ची पडत नसे आणि चुकीची खूणही मागे राहत नसे. हात वळला की मग बोरू आणि शाई मिळे. मोठी मुले लहानांना शिकवत, संध्याकाळी सगळे मिळून परवचा म्हणत. छडीचा धाक होता, घोकंपट्टी होती आणि समाजातल्या मोठ्या वर्गाला त्या पडवीत जागाच नव्हती, हेही तितकेच खरे. पण गिरवण्याची ती युक्ती अस्सल होती.

या युक्तीने पुढे केलेला प्रवास थक्क करणारा आहे. १७८९ मध्ये मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथालयाची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. एकदा वाटेत त्याला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरे काढत होती. बेलने ती रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. त्याचे शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती वर्ग सोपवला आणि तो यशस्वी झाला. १७९७ मध्ये बेलने लंडनमध्ये या प्रयोगाची हकीकत छापली. जोसेफ लँकेस्टरने त्याच सुमारास तशीच पद्धत चालवली आणि मुलांनी मुलांना शिकवण्याची ही रीत जगभर पसरली. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालोपयोगी पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली, तेव्हा इथल्या नव्या शाळांसाठी तिने विलायतेची म्हणून स्वीकारली ती हीच पद्धत. आपल्याच पडवीतली वस्तू नवे नाव घेऊन आपल्या दारी परत आली होती.

त्या मंडळीच्या आश्रयाने सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाले आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. अक्षर आता धुळीतून छापील पानावर गेले. पान पुसता येत नाही. भाषा शिकणे म्हणजे पुस्तकातला पाठ बिनचूक म्हणून दाखवणे, असा समज पुढे बळावला. मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगाव-धारवाड भागात सरकारी शाळा आधी बहुतांशी मराठीच होत्या. तिथल्या कन्नड मुलांना स्वतःच्या भाषेत शिकता यावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेप्युटी चन्नबसप्प यांनी अथक खटपट केली. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, हे दुखणे आज कणकुंबीच्या मराठी मुलाला जाणवते, तसेच तेव्हा कन्नड मुलाला जाणवत होते. सीमाभागाचा इतिहास वाचताना आपण ही जुनी बाजू विसरू नये.

विसाव्या शतकात खेळाला शाळेत मानाने बोलावले गेले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतली खरखरीत कागदाची अक्षरे बालवाड्यांत आली आणि मूल पुन्हा बोटाने अक्षर गिरवू लागले. शाळेबाहेर तर खेळ कधी थांबलेच नव्हते. भेंड्या लावाव्यात, कोडी घालावीत, पावसाळी दुपारी ‘नाव, गाव, फळ, फूल’चे रकाने आखून एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द घाईघाईने लिहून काढावेत, यांतून कित्येक पिढ्यांचा शब्दसंग्रह वाढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि शाळेतल्या भाषेचा प्रश्न राजकारणाच्या ऐरणीवर आला, तो अद्याप खाली उतरलेला नाही. त्याच राज्यात १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी ‘नली-कली’ हा उपक्रम सुरू केला. पाठ्यपुस्तकाऐवजी पायऱ्यापायऱ्यांची कार्डे, गाणी आणि खेळ; प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाणार. आजच्या अ‍ॅपमधल्या पातळ्या चढण्याची कल्पना इथे पुठ्ठ्यावर उतरलेली दिसते.

संगणकाला आपल्या लिप्या शिकवण्याचे काम याच सुमारास चालू होते. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक ठरला आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक आले. त्यांतली एक गोष्ट सीमाभागाने मुद्दाम लक्षात घ्यावी. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था एकच, हे ओळखून रचनाकारांनी सर्वांना एकच मांडणी दिली. मराठी ‘क’ ज्या कळीवर उमटतो, त्याच कळीवर कन्नड ‘क’ उमटतो. कन्नडमध्ये ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व रूपे आहेत, ती तेवढी जास्तीची शिकावी लागतात. इन्स्क्रिप्टवर मराठी टंकणाऱ्या मुलाची बोटे कन्नडच्या अर्ध्या वाटेवर आधीच पोचलेली असतात.

या वाटेवरचा आपल्याला सर्वांत जवळचा टप्पा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचा. २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. अभ्यासक्रम मुलांच्या मुख्य भाषेत, कन्नडमध्ये, नव्हता. डिसले यांनी ती भाषा प्रयत्नपूर्वक शिकून घेतली आणि पहिली ते चौथीची पुस्तके नव्याने रचून त्यांत क्यूआर कोड घातले, असे पुरस्कार देणाऱ्यांनी नमूद केले. कोड मोबाइलने टिपला की कविता ऐकू येई, गोष्ट दिसे, स्वाध्याय मिळे. कणकुंबीचे चित्र आरशात उलटे पाहावे तसे हे उदाहरण आहे. परितेवाडीत यंत्र नंतर आले. शिक्षकाने मुलाच्या भाषेकडे टाकलेले पाऊल आधीचे होते.

२०१५ मध्ये प्रथम बुक्सने ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केले. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत. मराठीत, कन्नडमध्ये त्या मोफत वाचता येतात आणि कुणालाही त्यांचे भाषांतर करता येते. २०१९ मध्ये गूगलचे ‘बोलो’ हे वाचनाचे अ‍ॅप भारतात आले. मूल मोठ्याने वाचते, ‘दिया’ नावाची सोबतीण ऐकते, शब्द अडला तर म्हणून दाखवते, नीट वाचले की तारे मिळतात. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसले तरी ते चालते, ही घाटमाथ्यावर मोठीच सोय. २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ या नावाने ते जगभर गेले, तेव्हाच्या नऊ भाषांत मराठी होती, कन्नड नव्हती. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. पडद्यावरचे शिक्षण सर्वांपर्यंत पोचेना, तेव्हा कर्नाटकाने ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजना आणली आणि शिक्षक गावोगावी मुलांच्या वस्तीत जाऊन शिकवू लागले.

एवढ्या लांबच्या वाटचालीवरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. भाषा शिकवणारे साधन धुळीचे असो की काचेचे, त्याने मुलाला निर्धास्तपणे चुकू दिले आणि घरच्या भाषेचा हात धरून पुढे नेले, तरच ते उपयोगी पडले. पहिली गोष्ट आजचे खेळ चांगली करतात. दुसरी त्यांना आपोआप जमणार नाही, कारण दूरच्या शहरात खेळ रचणाऱ्याला मलप्रभेकाठचे मूल ठाऊक नसते. ते खानापूर आणि बेळगावच्या शिक्षकांना ठाऊक आहे. तेव्हा मराठी आणि कन्नड शाळांतल्या शिक्षकांनी एकत्र बसावे, आपल्या भागातल्या गोष्टी दोन्ही भाषांत लिहाव्यात, त्या दोन्ही आवाजांत ध्वनिमुद्रित कराव्यात आणि मुक्त परवान्याने सर्वांसाठी खुल्या कराव्यात. त्यासाठी लागणारी साधने आज फुकट मिळतात. भाषेचा वाद मोठ्यांचा आहे. तो मिटेपर्यंत मुलांचे शिकणे थांबवून ठेवू नये.