तीर्थरूपचं सत्यरूप

लोणंदच्या आमच्या जुन्या घरात आढ्याला एक तार लोंबायची. आलेली पत्रं तिच्यात टोचलेली. कांद्याच्या आडत्याचं कार्ड ‘रा. रा.’ने सुरू व्हायचं, भाच्याचं ‘तीर्थस्वरूप’ने. या ठरीव सुरुवातीचं नाव मायना. शब्द अरबी, फारसीतून आलेला. मुळात नुसता ‘अर्थ’. मराठी दफ्तरात तो पत्राच्या तोंडाला चिकटला आणि माणसाची पायरी दाखवू लागला. सावकार ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, सवाष्ण ‘वज्रचुडेमंडित’, विधवा ‘गंगाभागीरथी’. म्हणजे मजकुराआधी बाईचं कपाळ. वडील ‘तीर्थरूप’, तिथं चुकलं की शाळेत गुण जात. माझे गेलेत.

आमच्याच खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचं माहेर. १० ऑक्टोबर १८५६ला आजारपणात तिथूनच त्यांनी पुण्याला जोतिरावांना पत्र लिहिलं. अर्ध्या आण्याचं टपाल तिकीट निघून दोन वर्षं झाली होती, पुण्याला आगगाडी यायला अजून दोन होती. नवऱ्याला ‘स्वामी’ म्हणणं रीतीतलंच. पण त्याआधी शब्द आहे ‘सत्यरूप’. साचा तीर्थरूपचा, तीर्थ उचलून तिथं सत्य बसवलंय. सत्यशोधक समाज निघाला २४ सप्टेंबर १८७३ला. ‘सत्य’ संस्थेच्या नावात जाण्याआधी सतरा वर्षं या घरच्या पत्रात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

खाली मजकूर माहेरच्या वादाचा. महारमांगांसाठी राबता म्हणून भावानं सुनावलं. आईनं त्याला समजावलं, बहिणीनं उलट सुनावलं. २९ ऑगस्ट १८६८चं पत्रही नायगावचंच, वर ‘पेटा खंडाळा’. पंचांग सांगत फिरणारा गणेश आणि महाराची सारजा यांना गाव जिवे मारायला निघालं होतं. सावित्रीबाई मध्ये पडल्या, कायद्याचा धाक घातला, दोघांना वाचवलं.

त्याच सुमारास फ्रान्सात कादंबरीकार फ्लोबेर जॉर्ज सँड या लेखिकेला मायन्यात ‘शेर मेत्र’ लिहीत होता. विशेषण स्त्रीलिंगी, नाम पुल्लिंगी. आपण ‘लाडकी गुरुजी’ म्हणावं तसं. तिथल्या मास्तरांनीही लाल शाई काढली असती. त्यानं व्याकरण मोडलं. इकडे व्याकरण शाबूत राहिलं, तीर्थ तेवढं गेलं.

सावित्रीबाईंची ही पत्रं मा. गो. माळी यांनी संपादलेल्या समग्र वाङ्मयात आहेत. तिसरं ओतूरचं, २० एप्रिल १८७७चं. भोवती दुष्काळ, माणसं अन्नावाचून चाललेली. मायन्यात सत्यरूपच.