सापाची मावशी आणि ठिसूळ साप

पावसाळ्याच्या तोंडावर अकोले-संगमनेरकडे बांधावरचा दगड उलटला की चकचकीत अंगाची सापसुरळी सळसळत पळते. ती बिनविषारी, पण ‘सापाची मावशी’ म्हणून तिच्या वाट्याला काठीच येते. तिला चार पाय असतात, मात्र ते आखूड असल्याने गवतात दिसत नाहीत. मुळीच पाय नसलेला सरडा अहिल्यानगर जिल्ह्यात आढळत नाही. तरी त्याची हकीकत इथे सांगायची, कारण ही गफलत केवळ खेडुतांची नाही.

१७५८ साली कार्ल लिनिअसने ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत सापांच्या सहा प्रजाती मांडल्या. त्यांत युरोपातला एक बिनपायांचा सरडा होता. नाव दिले अँग्विस फ्रॅजिलिस, म्हणजे ठिसूळ साप. कारण धरताच त्याची शेपूट तुटते. पालीची तुटलेली शेपूट वळवळताना पाहिलेल्या कोणालाही इथे शंका यावी! शिवाय हा ‘साप’ पापण्या मिटतो, आणि सापाला तर हलत्या पापण्याच नसतात. याच यादीत बेडकांचे नातलग असलेले देवगांडूळही होते. लिनिअसची कसोटी एकच: पाय आहेत की नाहीत?

१८११ मध्ये मिखाएल ओपेलने देवगांडुळांना बेडकांकडे नेले आणि सरडे व साप एकाच खवलेधारी गटात आणले. १८१७ मध्ये क्युविएला या प्राण्याच्या सांगाड्यात खांद्याच्या व कटीच्या हाडांचे अवशेष ठाऊक होते. तरी त्याने तो सापांतच ठेवला. पुरावा हाती असूनही जुना कप्पा सुटत नाही, तो असा.

भारतातील उदाहरण १९१७ चे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी चिल्का सरोवरातील बारकुडा बेटावरून बार्कुडिया इन्सुलॅरिस या प्राण्याचे वर्णन केले. ही सापसुरळीच्याच कुळातली, पण पूर्ण बिनपायांची. भुसभुशीत मातीत घुसताना पाय अडचणच करतात. लांबट अंगाची नागमोडी चाल सोयीची पडते. सरड्यांच्या वंशात पाय नाहीसे होण्याची घटना स्वतंत्रपणे वीसहून अधिक वेळा घडली. साप ही त्यांतलीच एक शाखा. अजगराच्या गुदद्वाराजवळ मागच्या पायांचे नखासारखे अवशेष आजही दिसतात.

वर्गात हे सांगताना एकाच खुणेवर विसंबू नये. पापणी, कानाचे छिद्र, शेपटीची लांबी ही सारी एकत्र पाहावीत; बिळात राहणाऱ्या काही सरड्यांचे कानही बुजलेले असतात. हे निरीक्षण चित्रांवरून किंवा लांबूनच करावे.

लिनिअसचे वर्गीकरण बदलले, पण आधीचे नाव कायम ठेवण्याच्या नियमामुळे युरोपातला तो सरडा शास्त्रीय नावात आजही ‘ठिसूळ साप’च आहे.