पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील घरगुती वीजखर्च आणि स्वच्छ ऊर्जा

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पुणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्टा असून तेथे महावितरण ही शासकीय कंपनी वीजपुरवठा करते. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. उंच गृहसंकुले, जुन्या गावठाणांतील घरे आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या अशी येथील वस्तीची मिश्र रचना आहे. स्वच्छ ऊर्जेचा लाभ कोणाला किती मिळतो, हे बहुतांशी या रचनेवरच अवलंबून असते.

पार्श्वभूमी

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या कार्यरत झाल्या. त्या काळात राज्यात विजेची मोठी टंचाई होती व भारनियमन नित्याचे झाले होते. त्यावर २००६ मध्ये पुणे नागरी क्षेत्रात एक वेगळा उपाय करण्यात आला. टंचाईच्या तासांत उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून सुमारे ९० मेगावॅटची तूट भरून काढावी आणि त्यांचा जादा खर्च ग्राहकांकडून 'विश्वासार्हता आकारा'च्या रूपाने वसूल करावा, अशी ही योजना होती. प्रति युनिट ४२ पैशांच्या या आकारातून महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांना वगळण्यात आले. 'पुणे प्रारूप' या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेमुळे शहरातील भारनियमन थांबले. मात्र त्यासाठी वापरलेली वीज महाग व खनिज इंधनावर आधारित होती.

वीजबिलाची रचना

घरगुती वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. मासिक वापराचे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० युनिटांहून अधिक असे टप्पे असून वरच्या टप्प्यातील युनिटांना अधिक दर लागतो. बिलात वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व १६ टक्के वीज शुल्क यांचा समावेश होतो. राज्यातील वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा असल्याने इंधनाच्या किमतीतील चढउतार बिलात उमटतात.

टप्प्यांच्या या पद्धतीचा फटका एकाच मीटरवर असलेल्या भाड्याच्या खोल्यांना बसतो. प्रत्येकी ८० युनिटे वापरणाऱ्या पाच खोल्यांना स्वतंत्र मीटर असल्यास सर्व वापर सर्वांत स्वस्त टप्प्यात मोडतो. त्याच खोल्या एका मीटरवर असल्यास एकूण ४०० युनिटांपैकी ३०० युनिटांना वरच्या टप्प्यांचे दर लागतात. त्यामुळे कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबालाही प्रति युनिट अधिक पैसे मोजावे लागू शकतात.

छतावरील सौरऊर्जा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' सुरू केली. तीत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ३०,००० रुपये व तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. एक किलोवॅटच्या संचाला साधारण १० चौरस मीटर जागा लागते व त्यातून महिन्याला सरासरी १२० युनिटे मिळतात. पावसाळ्यात निर्मिती घटते. नेट मीटरिंगमुळे दिवसा शिल्लक राहिलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते व तिची बिलात वजावट होते.

बंगल्यासाठी हे गणित सोपे असते. बहुमजली इमारतीत मात्र गच्ची सामाईक असते. ४४ सदनिकांना प्रत्येकी तीन किलोवॅट द्यायचे झाल्यास सुमारे १,३२० चौरस मीटर मोकळे छत लागेल. त्यामुळे गृहनिर्माण संस्थांतील सौरसंच प्रामुख्याने लिफ्ट, पाण्याचे पंप व जिन्यातील दिवे यांसाठी वापरले जातात. अशा सामाईक सुविधांसाठी याच योजनेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. भाडेकरूचा छतावर हक्क नसतो आणि मीटर बहुधा घरमालकाच्या नावावर असते. त्यामुळे तो या योजनेपासून दूर राहतो.

इतर उपक्रम

मोशी येथील कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या १४ मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. ही वीज महापालिकेच्या स्वतःच्या सुविधांसाठी असल्याने घरगुती बिलावर तिचा थेट परिणाम होत नाही. २०२५ मध्ये स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट सवलत लागू झाली. मात्र दिवसा घराबाहेर असणाऱ्या नोकरदार कुटुंबांना वापराची वेळ बदलणे कठीण जाते.

आव्हाने

आकुर्डी व चाकण येथे विद्युत वाहनांचे उत्पादन होते. ती वाहने घरी चार्ज करण्यासाठी जुन्या इमारतींत मंजूर भार, वायरिंग व रोहित्रांची क्षमता वाढवावी लागते. दुसरा प्रश्न क्रॉस-सबसिडीचा आहे. उद्योगांकडून अधिक दर घेऊन शेती व कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना स्वस्त वीज दिली जाते. उद्योग व मोठे ग्राहक स्वतःच्या सौरऊर्जेकडे वळल्यास महावितरणचे हे उत्पन्न घटते, तर तारा व उपकेंद्रांचा खर्च कायम राहतो. हा भार छत नसलेल्या ग्राहकांवर पडू न देणे, हे या स्थित्यंतरातील प्रमुख आव्हान मानले जाते.