पीडितभाव आणि ख्रिस्ती श्रद्धा : केडगाव व कल्याण कॅम्प

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन स्थानके लागतात. या तिन्ही ठिकाणची वस्ती बव्हंशी बाहेरून आलेली आहे. उल्हासनगर हे मूळचे लष्करी तळाचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. अंबरनाथला शके ९८२ चा शिलालेख असलेले शिवालय आहे. परंतु आजचे अंबरनाथ वसविले ते आगकाड्यांच्या व संरक्षणसामग्रीच्या कारखान्यांनी, आणि तेथे कामासाठी आलेल्या नाना प्रांतांच्या लोकांनी. मुंबईत ज्यांना घर परवडले नाही अशी हजारो कुटुंबे बदलापुरास येऊन राहिली. या पट्ट्यात आज मराठी, हिंदी, सिंधी, तमिळ, मल्याळम अशा अनेक भाषांतून ख्रिस्ती उपासना चालते. मुंबई-पुणे परिसरातील सीरो-मलबार ख्रिस्ती जनांसाठी १९८८ साली जो धर्मप्रांत स्थापन झाला, त्यालाही कल्याणचेच नाव देण्यात आले.

उखडल्या गेलेल्या माणसांच्या अशा वस्तीत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. ज्याच्यावर खरोखरीच अन्याय झाला आहे, त्याने त्या अन्यायाची स्मृती कशी बाळगावी? ‘माझे जे काही झाले ते दुसऱ्यांनी केले, मला करण्यासारखे काही उरलेले नाही’ अशी जी मनाची बैठक बनते, तिला प्रस्तुत लेखात ‘पीडितभाव’ म्हटले आहे. पीडा आणि पीडितभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बाहेरून येते, दुसरी आत घर करते. ख्रिस्ती श्रद्धा या भावातून माणसास बाहेर काढते, असे उपासनामंदिरांतून पुष्कळदा सांगितले जाते. ते कितपत खरे, हे प्रवचनांवरून न ठरविता इतिहासावरून ठरविले पाहिजे. महाराष्ट्रात या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी लागली ती पुणे-दौंड मार्गावरील केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात. तेथेही प्रारंभ उखडलेल्या माणसांच्या एका जमावापासूनच झाला होता.

केडगावकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठीतील ‘बळी’ या शब्दात संस्कृतातील निरनिराळे शब्द येऊन मिळाले आहेत. ‘बलि’ म्हणजे देवतेस अर्पण केलेली वस्तू अथवा पशू. ‘बलिन्’ म्हणजे बलवान. आणि तिसरा तो वामनाने पाताळात घातलेला दानशूर राजा. ‘दुष्काळाचे बळी’ म्हणताना आपण दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाविषयी बोलतो. ‘बळी तो कान पिळी’ म्हणताना नेमक्या उलट टोकाच्या माणसाविषयी. बळिराजाच्या ठायी तर दोन्ही अर्थ एकत्र येतात. तो पराभूत आहे, तरी त्याचे राज्य परत यावे अशी इच्छा शेतकरी दिवाळीत व्यक्त करतो. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) याच राजाला बहुजनांच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनविले, हे सर्वविदित आहे.

ख्रिस्ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानीही एक बळीच आहे. परंतु तो घेतला गेलेला बळी नव्हे. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण तो स्वतः देतो, अशा आशयाचे ख्रिस्ताचे उद्गार योहानाच्या शुभवर्तमानात आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर वधस्तंभावरील मनुष्य तेथे क्रियेचे कर्म नसून कर्ता आहे. ख्रिस्ती श्रद्धेने पीडिताला काही दिले असेल तर ते हे कर्तृत्व होय. मात्र ते प्रत्यक्षात उतरते की नाही, हे त्या श्रद्धेच्या नावाने चालणाऱ्या संस्थांच्या व्यवहारावर अवलंबून असते.

पंडिता रमाबाईंना (१८५८-१९२२) पीडेची ओळख पुस्तकांतून झालेली नव्हती. दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील १८७४ साली निवर्तले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्यांनी अन्नान्नदशेत देशभर पायी भ्रमण केले. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचाही मृत्यू झाला. पदरी लहान मुलगी असलेल्या या विधवेने १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत त्यांनी ‘शारदासदन’ काढले व पुढे ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली.

या स्त्रियांना अन्नवस्त्र देऊन दयेवर जगविणे शक्य होते, आणि अनेक ठिकाणी तसे घडतही होते. केडगावी निराळे घडले. शेती, विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शिवण, छपाई ही सर्व कामे स्त्रियांच्या हाती आली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या श्रमाने छापले गेले व त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतराची भाषा अशिक्षित स्त्रियांना दुर्बोध होते, हे या परिश्रमामागचे एक प्रमुख कारण होते. ज्या मुली काही वर्षांपूर्वी दुष्काळग्रस्तांच्या गणतीत एक आकडा होत्या, त्यांच्यासाठी धर्मग्रंथाची भाषा सोपी करण्यात आली आणि त्याचे खिळेही त्यांच्यासारख्याच स्त्रियांनी जुळविले. श्रद्धेचा सामाजिक अर्थ पाहावयाचा असेल तर तो येथे दिसतो.

केडगावच्या विभागांची नावेही अभ्यासनीय आहेत. ‘मुक्तिसदन’, ‘कृपासदन’, ‘प्रीतिसदन’ ही नावे रहिवाशांच्या दुःखावरून पडलेली नाहीत. अंधांच्या विभागास ‘बार्तीमी सदन’ म्हणत. बार्तीमी हा शुभवर्तमानातील आंधळा भिकारी. लोक गप्प बसवीत असता तो अधिकच मोठ्याने ओरडला, आणि येशूने त्याला प्रथम विचारले ते हे, की तुझी इच्छा काय आहे? त्या काळी अशा संस्थांच्या नावांत ‘अनाथ’ हा शब्द सहज येई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या थोर संस्थेचे मूळ नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ असेच होते. पुढे त्या संस्थेच्या नावातूनही ‘अनाथ’ गळून पडले व ‘स्त्रीशिक्षण’ आले. यावरून दिसते की नाव बदलण्याची ही जाणीव एका धर्माची मिरास नव्हती.

पीडितभाव टाकणे म्हणजे अन्यायाबद्दल मौन पाळणे, असा समज मात्र सोडून दिला पाहिजे. १८९७ साली पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. त्याचा प्रतिध्वनी पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्त्यांचा व आपला धर्म एक आहे, ही गोष्ट त्यांना आड आली नाही. स्वतःच्या धर्मगुरूंशीही त्यांनी असाच वाद घातला. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयी त्यांनी हरकत घेतली. ब्राह्मणांनी संस्कृतला जे पावित्र्य दिले तेच तुम्ही लॅटिनला देता काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न मोलाचा वाटेल. ज्या श्रद्धेने आपल्याला उभे केले तिच्या संस्थेपुढेही त्या वाकल्या नाहीत. पीडितभावातून सुटलेले मन तक्रार सोडीत नाही; ते तक्रार करते आणि पुढच्या कामाला लागते.

या चित्रास दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत या कारणावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. केडगावी तर बहुसंख्य मुली उपासमारीतून आलेल्या. ज्याच्यापुढे दुसरा निवारा नाही, त्याची धर्मांतरास असलेली संमती कितपत स्वतंत्र मानावी? रमाबाईंचा हेतू शुद्ध होता एवढ्याने हा प्रश्न निकालात निघत नाही. कर्तृत्व देणाऱ्या संस्थेनेच निवड मात्र आधी करून ठेवली असेल, तर ते कर्तृत्व तितके अपुरे राहते.

परावलंबनाचा हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळ्या अंगाने हाताळला. त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याणलाच झाले होते. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले व अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. मिशनच्या छायेत राहून एतद्देशीय ख्रिस्ती समाज नेहमी घेणाराच राहील, ही खंत त्यांच्या मनात वाढत गेली. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक निवर्तले आणि तो प्रयोग फार फोफावला नाही. तथापि त्यामागील निदान अचूक होते. उपकाराचे ओझे फार काळ वाहिले म्हणजे त्यातूनही पीडितभाव निपजतो.

आता पुन्हा कल्याण कॅम्पकडे येऊ. ‘निर्वासित’ हे मराठीतील कर्मणी धातुसाधित विशेषण आहे. ज्याला कोणी तरी घालवून दिले तो. हिंदीतील ‘शरणार्थी’ म्हणजे आसरा मागणारा. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या अनेकांना हे दोन्ही शब्द रुचले नाहीत आणि त्यांनी स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतले. हा बदल शब्दापुरता राहिला नाही. बराकींच्या त्या वसाहतीत लहान उद्योगधंद्यांचे व बाजारपेठेचे एक शहर उभे राहिले. आजही त्याचे भाग कॅम्प क्रमांक १ ते ५ या नावांनीच ओळखले जातात. छावणीची आठवण पुसली गेली नाही, ती पत्त्यात राहिली. येथे ख्रिस्ती श्रद्धेचा संबंध नव्हता, हे अभ्यासकाने प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. पीडितभावातून बाहेर पडण्याचा मार्ग कोणत्याही एका धर्माच्या दारातूनच जातो, असे इतिहास म्हणत नाही.

मग ख्रिस्ती श्रद्धेचे वैशिष्ट्य कोणते? केडगावच्या उदाहरणावरून असे म्हणता येईल की, ज्यांच्याजवळ भांडवल, बिरादरी वा पूर्वीचा धंदा यांपैकी काहीच नव्हते, अशांना ‘तुझी इच्छा काय आहे’ हा प्रश्न विचारण्याचे बळ त्या श्रद्धेने रमाबाईंना दिले. उल्हासनगरच्या निर्वासितांपाशी निदान व्यापाराची परंपरा होती. दुष्काळातल्या बालविधवेपाशी तेवढेही नव्हते. म्हणून आजच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील मंडळ्यांचे मोजमाप करावयाचे झाल्यास किती जणांचे सांत्वन झाले एवढेच विचारून भागणार नाही. तेथे येणारा मनुष्य काही काळाने काय करू लागला, कोणत्या अन्यायाविरुद्ध बोलू लागला, आणि मंडळीच्या पुढाऱ्यांना ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला उरले की नाही, हे पाहावे लागेल. हीच कसोटी मशिदीला, विहाराला, मंदिराला आणि आमच्या विद्यापीठांनाही तितकीच लागू आहे.